मॉर्मन समाजाची ओळख त्याने सोडलेल्या प्रथेवरून करून देऊ नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जगातील धर्मपंथांची ओळख करून देणाऱ्या आपल्या रविवार पुरवणीच्या लेखमालेत अमेरिकेत उगम पावलेल्या मॉर्मन पंथावर आलेला लेख लक्षपूर्वक वाचला. मराठीत या विषयावर क्वचितच काही छापून येते, त्यामुळे लेखाचे स्वागतच करायला हवे. परंतु लेखाची बहुतेक जागा अनेक बायका, गुप्त विधी आणि सोन्याचे पत्रे यांनीच व्यापली आहे आणि पंथाचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास दोन त्रोटक परिच्छेदांत उरकला आहे. मी नागपुरात अनेक वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला. मी ख्रिस्ती नाही आणि या पंथाचा प्रचार करण्याचा माझा हेतू नाही. मात्र बहुपत्नीत्वाची जी प्रथा एका समाजाने १८९० मध्ये जाहीरपणे सोडली, तिच्यावरूनच आज त्याची ओळख करून देणे मला अन्यायाचे वाटते. त्याहून मोठे नुकसान असे, की त्या समाजाला ज्या गोष्टींचा जाब खरोखर विचारायला हवा, त्या यामुळे बाजूलाच राहतात.

प्रथम उगमाविषयी. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांचा जन्म डिसेंबर १८०५ मध्ये व्हरमाँट राज्यातील एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला आणि पुढे हे कुटुंब न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, पाल्मायरा गावाजवळ येऊन राहिले. त्या काळी तो मुलूख नव्याने वसत होता, एरी कालवा खोदला जात होता आणि मेथडिस्ट, बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन असे नाना पंथांचे प्रचारक मोकळ्या मैदानात सभा भरवून लोकांना आपापल्याकडे ओढत होते. एकाच घरातली माणसे वेगवेगळ्या चर्चमध्ये वाटली जात होती; स्मिथ यांच्या घरातही हेच झाले. यांपैकी खरे चर्च कोणते, या प्रश्नाने व्याकूळ झालेल्या चौदा वर्षांच्या मुलाने १८२० मध्ये घरामागच्या राईत जाऊन प्रार्थना केली आणि त्याला प्रत्यक्ष ईश्वराचे व येशूचे दर्शन झाले, अशी मॉर्मन श्रद्धा आहे. पुढे १८२३ मध्ये मोरोनी नावाच्या देवदूताने जवळच्या टेकडीत पुरलेल्या सुवर्णपत्रांची जागा दाखवली, १८२७ मध्ये ती पत्रे हाती आली आणि त्यांवरील मजकूर स्मिथ यांनी ईश्वरी सामर्थ्याने इंग्रजीत उतरवला, असे सांगितले जाते. त्यासाठी ते एक खडा टोपीत ठेवून, टोपीत तोंड घालून मजकूर सांगत आणि लेखनिक तो लिहून घेत, हे आता त्या चर्चनेच मान्य केले आहे. छपाईचा खर्च भागावा म्हणून मार्टिन हॅरिस या शेतकऱ्याने आपली जमीन गहाण टाकली. ‘बुक ऑफ मॉर्मन’च्या पाच हजार प्रती मार्च १८३० मध्ये निघाल्या आणि ६ एप्रिल १८३० रोजी चर्चची रीतसर स्थापना झाली.

हा ग्रंथ काय सांगतो, हे आपल्या लेखात नाही. ते यायला हवे होते, कारण पंथाची सारी भिस्त त्यावर आहे. इसवी सनापूर्वी सुमारे सहाशे वर्षे लीहाय नावाचा एक प्रेषित आपल्या कुटुंबासह जेरुसलेम सोडून समुद्रमार्गे अमेरिका खंडात पोहोचतो, त्याच्या वंशजांचे नीफाईट व लेमनाईट असे दोन समाज होतात, पुनरुत्थानानंतर येशू स्वतः अमेरिकेत येऊन त्यांना उपदेश करतो आणि अखेरीस लेमनाईटांच्या हातून नीफाईटांचा नाश होतो, अशी ही कथा आहे. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला स्पष्ट लिहिले पाहिजे, की या कथेला पुरातत्त्वाचा आधार मिळालेला नाही. कोलंबसापूर्वीच्या अमेरिकेत त्या काळी घोडे नव्हते, पोलाद नव्हते. ग्रंथात दोन्ही आहेत. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे पूर्वज ईशान्य आशियातून आले, असे जनुकीय अभ्यास सांगतात. लेमनाईट हे मूळ अमेरिकनांचे ‘प्रमुख’ पूर्वज आहेत, असे जे विधान प्रस्तावनेत होते, ते बदलून ‘पूर्वजांपैकी’ आहेत, असे सौम्य शब्द चर्चनेच घातले आहेत. तरीही केवळ चमत्काराच्या कथेवरून एखाद्या श्रद्धेची थट्टा करणे मला पटत नाही. कोणत्या धर्माच्या उगमाशी चमत्कार नाहीत? हा पंथ वेगळा दिसतो तो एवढ्याचसाठी, की त्याचे चमत्कार छापखान्याच्या आणि वर्तमानपत्रांच्या काळात घडल्याचे सांगितले जाते, आणि म्हणून त्यांच्याबरोबर साक्षीपुरावे, गहाणखते आणि कोर्टाचे कागदही शिल्लक राहिले.

छळाच्या इतिहासाबद्दल आपला लेख जवळजवळ गप्प आहे. मिसुरी राज्यात स्थायिक झालेल्या मॉर्मनांना राज्यातून हुसकून लावावे किंवा त्यांचा समूळ नाश करावा, असा आदेश गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी २७ ऑक्टोबर १८३८ रोजी काढला. तीनच दिवसांनी हॉन्स मिल येथे सतरा मॉर्मन मारले गेले. एका लोकशाही राष्ट्रात, स्वतःच्याच नागरिकांविरुद्ध, धर्माच्या नावाने निघालेला हा सरकारी हुकूम १९७६ पर्यंत रद्दही झाला नव्हता. अर्थात दोष एकाच बाजूचा नव्हता. मॉर्मन एकगठ्ठा मतदान करत, जमिनी घेत, त्यांच्या नेत्यांची भाषा पुष्कळदा आक्रमक असे आणि त्यांचीही सशस्त्र पथके होती.

पुढे इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीकाठी त्यांनी नावू हे शहर उभारले. तेथे जे घडले, ते वर्तमानपत्राच्या वाचकांनी तरी विसरू नये. जून १८४४ मध्ये पंथातून फुटलेल्या काही जणांनी ‘नावू एक्स्पॉझिटर’ नावाचे पत्र काढून त्यात स्मिथ यांच्या गुप्त विवाहांवर आणि अनिर्बंध सत्तेवर टीका केली. त्याचा एकच अंक निघाला. शहराचे महापौर स्वतः स्मिथ होते; नगरपरिषदेने ठराव केला आणि छापखाना फोडण्यात आला. या प्रकरणी अटकेत असताना २७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथ आणि त्यांचे बंधू हायरम यांना गोळ्या घालून ठार केले. तुरुंगातल्या माणसाला जमावाने मारणे हा खूनच होय, आणि विरोधकाचा छापखाना फोडणे हा सत्तेचा माज होय. या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडल्या आणि दोन्ही सांगितल्याशिवाय त्या माणसाचे चित्र पुरे होत नाही.

त्यानंतर ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली हा समाज पश्चिमेकडे निघाला आणि २४ जुलै १८४७ रोजी आजच्या युटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचला. १८६९ मध्ये रेल्वे येईपर्यंत सुमारे सत्तर हजार माणसे बैलगाड्यांनी, आणि ज्यांना तेही परवडत नव्हते ती हातगाड्या ओढत, त्या ओसाड खोऱ्यात येऊन वसली. याच समाजातील सशस्त्र लोकांनी सप्टेंबर १८५७ मध्ये माउंटन मेडोज येथे कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या सुमारे एकशे वीस प्रवाशांची, बायका-मुलांसह, कत्तल केली. शिक्षा फक्त एकाला झाली.

आता बहुपत्नीत्वाकडे येते. स्मिथ यांनी ही प्रथा गुपचूप सुरू केली, १८५२ मध्ये ती उघडपणे जाहीर झाली. स्मिथ यांच्या पत्नींची संख्या तीस ते चाळीस असावी आणि त्यांत पंधरा वर्षेही पूर्ण न झालेली एक मुलगी होती, असे चर्चने २०१४ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केले. याचे समर्थन होऊ शकत नाही आणि मी ते करणार नाही. परंतु या प्रथेवर अमेरिकेने टीका कोणत्या शब्दांत केली, ते भारतीय वाचकाला ठाऊक असायला हवे. ब्रिगहॅम यंग यांचे चिटणीस जॉर्ज रेनॉल्ड्स यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये निकाल दिला, की श्रद्धा कोणतीही असो, आचरण कायद्याच्या बाहेर जाऊ शकत नाही. हे तत्त्व योग्यच आहे. पण निकालात पुढे असेही म्हटले आहे, की उत्तर व पश्चिम युरोपातील राष्ट्रांना बहुपत्नीत्व नेहमीच घृणास्पद वाटत आले असून मॉर्मन चर्च निघेपर्यंत ही प्रथा जवळजवळ केवळ आशियाई व आफ्रिकी लोकांच्या जीवनातच आढळत असे. उदाहरण दिले ते नवऱ्याच्या चितेवर जळणाऱ्या स्त्रीचे, म्हणजे आपल्याकडच्या सतीचे. मॉर्मनांचा गुन्हा असा, की गोरे असून ते आमच्यासारखे वागले! आपल्या लेखातील ‘रानटी’ हा शब्द वाचताना मला हा निकाल आठवला, कारण त्या शब्दाने ज्यांना मोजले गेले त्यांत आपलेच आजे-पणजे होते. एकापेक्षा अधिक लग्ने करण्याची मुभा हिंदू पुरुषाला देशभर बंद झाली ती १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. मॉर्मन चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी अशा विवाहांविरुद्ध जाहीरनामा काढला तो १८९० मध्ये. त्यानंतरही काही विवाह लपूनछपून होत राहिले, म्हणून १९०४ मध्ये दुसरा जाहीरनामा निघाला आणि तेव्हापासून असा विवाह करणाऱ्याला चर्चमधून काढून टाकले जाते.

याच संदर्भात लेखासोबतच्या छायाचित्राबद्दल तक्रार नोंदवते. घोळदार, पायघोळ झगे घातलेल्या स्त्रियांचे ते छायाचित्र मूळ चर्चमधील नसून, १८९० चा निर्णय अमान्य करून फुटलेल्या मूलतत्त्ववादी गटातील दिसते. त्या गटाचा प्रमुख वॉरेन जेफ्स याला अल्पवयीन मुलींवरील अत्याचारांबद्दल टेक्सासमध्ये २०११ साली जन्मठेप झाली. जगभरात एक कोटी सत्तर लाखांहून अधिक सभासद नोंदलेल्या चर्चचा त्या गटाशी काहीही संबंध नाही, आणि छायाचित्राखालच्या ओळीत ‘मॉर्मन कुटुंब’ एवढेच छापणे ही साधी चूक नव्हे.

श्रद्धांविषयी लेखात आलेली माहिती पुष्कळशी बरोबर असली, तरी तिचा गाभा सुटला आहे. या पंथाच्या मते ईश्वर, येशू आणि पवित्र आत्मा हे तीन वेगळे आहेत आणि ईश्वराला देह आहे. माणसाचा आत्मा जन्मापूर्वीही ईश्वराजवळ होता. आणि मंदिरात विधिपूर्वक जोडलेले पती, पत्नी व मुले यांचे नाते मृत्यूनंतरही तुटत नाही. यांपैकी शेवटची श्रद्धा त्यांना सर्वांत जिव्हाळ्याची आहे. जे पूर्वज हा उपदेश ऐकण्यापूर्वीच गेले त्यांचे काय, या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे, की हयात वंशजाने त्यांच्या नावाने बाप्तिस्मा घ्यावा; तो स्वीकारायचा की नाही, हे त्या आत्म्याने ठरवावे. सर्वपित्रीला तिळपाणी देणाऱ्या माणसाला यात हसण्यासारखे काही वाटू नये. पूर्वजांची नावे शोधण्याच्या या गरजेतूनच त्यांनी जगातील वंशावळींचा प्रचंड संग्रह उभा केला असून साॅल्ट लेक सिटीजवळच्या एका डोंगराच्या पोटात तो जपून ठेवला आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही त्यांनी मायक्रोफिल्मवर चित्रण केले आहे. मात्र याच उत्साहात नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावानेही बाप्तिस्मे घेतले गेले. ज्यू संघटनांच्या तीव्र आक्षेपानंतर १९९५ मध्ये हे थांबवण्याचा करार झाला आणि त्यानंतरही असे प्रकार उघडकीस आले. धर्मापायी ज्यांचा जीव घेतला गेला, त्यांच्यावर मरणोत्तर दुसऱ्या धर्माचा संस्कार करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

गुप्ततेबद्दल विदर्भातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद ठेवले होते, आणि तोवर त्यांच्याविषयी लोक काय काय बोलत असत! विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांना त्या लिपीची किल्ली सापडली आणि आत काय होते, तर ‘लीळाचरित्र’, मराठी गद्याचा पहिला ठेवा, रिद्धपूरच्या मातीतला. मॉर्मनांचे रविवारचे उपासनागृह सर्वांना खुले असते; मंदिर मात्र फक्त धर्मनियम पाळणाऱ्या सभासदांना. तिथले विधी आम्ही पवित्र मानतो म्हणून बाहेर बोलत नाही, असे ते सांगतात. अफवांना यामुळेच खतपाणी मिळते. शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत, १८८७ मध्ये, मुलींना पळवून नेणारे आणि मारेकरी पाठवणारे मॉर्मन रंगवले आहेत. तेच रूप कितीतरी वाचकांच्या मनात घट्ट बसले असणार.

माझी लेक नोकरीनिमित्त युटा राज्यातील लीहाय गावी होती (गावाचे नाव त्या ग्रंथातल्या प्रेषितावरूनच पडले आहे), तेव्हा एक हिवाळा मी तिच्याकडे काढला. शेजारच्या बाईंपुढे मी आल्याचा चहा ठेवला, तर त्यांनी कप उचलून मन भरून वास घेतला आणि तसाच खाली ठेवून गरम पाणी व लिंबू मागितले. चहा, कॉफी, तंबाखू आणि दारू १८३३ च्या उपदेशानुसार वर्ज्य आहेत. त्यांच्या तळघरात गव्हाचे, ओटचे, डाळीचे मोठे मोहोरबंद डबे ओळीने रचलेले होते आणि प्रत्येकावर भरल्याची तारीख जाड पेनाने लिहिलेली होती. अडीअडचणीसाठी धान्य साठवून ठेवावे, अशी चर्चची शिकवण आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी घरातली सगळी मोठी माणसे दोन जेवणे सोडत आणि त्यांचे पैसे गरजूंसाठी देत; मिळकतीचा दहावा हिस्सा चर्चला जाई तो वेगळाच. याच बाईंनी मला सांगितले, की त्यांच्या मुलीचे लग्न मंदिरात झाले तेव्हा मुलीचे सख्खे आजोबा आत जाऊ शकले नाहीत. त्यांनी तरुणपणीच चर्च सोडले होते, म्हणून ते बाहेरच्या दालनात कोट घालून बसून राहिले. अनेक वर्षे अमेरिकेत नियमच असा होता, की आधी कायदेशीर लग्न केले तर मंदिरातील विधीसाठी वर्षभर थांबावे लागे. २०१९ मध्ये तो बदलला, पण त्यांच्या घरातले लग्न त्याआधीचे. हे सांगताना बाईंचा आवाज बदलला होता.

हे लोक ख्रिस्ती आहेत की नाहीत, या वादात आपल्या लेखाने एका वाक्यात ‘नाहीत’ असा निकाल दिला आहे. इसवी सन ३२५ च्या नायकियाच्या परिषदेपासून घडत गेलेला त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच ईश्वर, हा सिद्धान्त ते मानत नाहीत, त्यामुळे बहुतेक चर्चे त्यांना आपले म्हणत नाहीत आणि रोमन कॅथलिक चर्चने त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य नसल्याचे २००१ मध्ये जाहीर केले आहे. ते स्वतः मात्र येशूलाच तारणहार मानतात आणि त्याचेच नाव चर्चला लावतात. आपण बाहेरच्यांनी दोन्ही बाजू नोंदवाव्यात, निकाल देऊ नये. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि नंतर कितीतरी वर्षे त्यांची श्रद्धा खरी की नुसती राजकीय, हे ठरवायला बाहेरचेच पुढे सरसावले, त्या शहरात तरी हे भान सुटू नये.

जाब विचारायचा, तर तो यांबद्दल विचारावा. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना या चर्चमध्ये पौरोहित्य नाकारले जात होते आणि त्या वंशाच्या स्त्री-पुरुषांना मंदिरातील महत्त्वाचे विधी बंद होते. ही बंदी उठली ती जून १९७८ मध्ये, म्हणजे अमेरिकेतील नागरी हक्कांचा कायदा होऊन चौदा वर्षे लोटल्यावर, आणि स्मिथ यांच्या हयातीत एलायजा एबल यांच्यासारख्या कृष्णवर्णीयाला ते पद मिळालेले असताना. स्त्रियांना पौरोहित्य आजही नाही. चर्चची गुंतवणूक सांभाळणाऱ्या संस्थेने अब्जावधी डॉलरचे समभाग निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांआड दडवल्याबद्दल अमेरिकी रोखे नियामकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या संस्थेला चाळीस लाख आणि चर्चला दहा लाख डॉलर दंड केला. श्रद्धेने दहावा हिस्सा देणाऱ्या सामान्य सभासदाला हा पैसा कुठे आहे, हे कळण्याचा अधिकार नाही का? आपल्या लेखात या तिन्हींपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नाही.

हा विषय आपल्यापासून दूरचाही नाही. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हे मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरले आणि पुण्यात त्यांनी छोटी मंडळीही जमवली, पण काही वर्षांतच तो प्रयत्न आटोपला. आज दक्षिणेत, विशेषतः हैदराबाद आणि बंगळुरू येथे, या चर्चचे सभासद आहेत आणि बंगळुरूत देशातील त्यांच्या पहिल्या मंदिराचे बांधकाम डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाले. लेखमालेत पुन्हा या पंथाविषयी लिहायचे झाल्यास नागपूरहून रात्रीच्या गाडीने सकाळी हैदराबादला पोहोचता येते. आपल्या प्रतिनिधीने तिथे एखाद्या तेलुगू मॉर्मन कुटुंबाची भेट घ्यावी. हिंदू राहिलेल्या नातलगांच्या श्राद्धपक्षाला ते जातात का, घरात लग्न ठरले की मंदिरात कोण येऊ शकेल आणि कोण नाही हे ते नातलगांना कसे सांगतात, आणि १९७८ पूर्वीच्या बंदीविषयी त्यांच्या मुलांना रविवारच्या वर्गात काय शिकवले जाते, हे त्यांनाच विचारावे आणि त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत छापावीत, एवढी विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
धरमपेठ, नागपूर